आकृतीत रंग आणि नक्षी भरणे

रांगोळीत आपण आधी रेघा जोडतो आणि मग रंग हाती घेतो. संगणकाला लिखित आज्ञा देऊन चित्र काढताना मात्र रंग आधी सांगावा लागतो.

जावास्क्रिप्ट या भाषेत ‘कॅनव्हास’ नावाचा चित्रफलक वापरतात. त्याच्या ‘फिलस्टाइल’ला जो रंग द्यावा, तो दुसरा देईपर्यंत टिकतो, काहीच न दिल्यास काळा धरला जातो. ‘फिलरेक्ट’ ही आज्ञा त्या रंगाने आयत भरते. पुढे रंग बदलला, तरी आधी भरलेला आयत बदलत नाही. कुंचला दुसऱ्या रंगात बुडविल्याने भिंतीवरचा पहिला पट्टा थोडाच बदलतो?

रंग सांगावयाचा तो लाल, हिरवा व निळा यांच्या ० ते २५५ या प्रमाणांनी. अशा रीतीने १,६७,७७,२१६ रंग मिळतात.

इतकी समृद्धी पाहून आम्ही दोन वर्षांच्या पावसाचा स्तंभालेख रंगविला. एका वर्षाला लाल (२५५, ०, ०) आणि दुसऱ्याला हिरवा (०, १२८, ०) रंग दिला. पडद्यावर तो फार शोभला. परंतु काळ्या शाईत छापताच सारे स्तंभ सारखेच करडे झाले! कारण गणितात सापडले. करडी छटा काढण्याच्या एका रूढ रीतीत लालास ०.२९९, हिरव्यास ०.५८७ व निळ्यास ०.११४ ने गुणून बेरीज करतात. आमच्या लालाची छटा आली ७६ आणि हिरव्याची ७५. ज्यांना लाल-हिरव्यातील भेद नीट दिसत नाही, त्यांना तर असे आलेख पडद्यावरही बुचकळ्यात टाकतात.

उपाय नक्षीचा. ८ बाय ८ बिंदूंचा एक लहानसा कॅनव्हास घेऊन त्यावर एक आडवी रेघ ओढावी. ‘क्रिएटपॅटर्न’ या आज्ञेला तो तुकडा व ‘रिपीट’ हा शब्द द्यावा, आणि हाती येणारी नक्षी रंगाच्या जागी ‘फिलस्टाइल’ला द्यावी. कापडावर एकच ठसा पुनःपुन्हा उमटवावा, तसा तो तुकडा आकृतीभर उमटतो. आम्ही एका वर्षाचे स्तंभ रेघांनी व दुसऱ्याचे ठिपक्यांनी भरले. मग काळ्या छपाईतही भेद स्पष्ट दिसला.

रंग शोभेसाठी असतो, तसाच अर्थ सांगण्यासाठीही. आज्ञा आपण देतो. म्हणून पाहणाऱ्याला काय दिसेल, याचा विचारही आपणच करावयास हवा. पिवळ्या (२५५, २५५, ०) व निळ्या (०, ०, २५५) रंगांच्या करड्या छटा वाचकांनी स्वतः काढून पाहाव्यात.