वही बंद करू नकोस

अगं, नवरात्राचे उपास झाले नाहीत म्हणून तू माहूरच्या देवीची माफी मागतेस, आणि वही उघडली की बाळाकडं दुर्लक्ष झालं म्हणून बाळाची. दोन्ही माफ्या परत घे. अंगावर पाजणाऱ्या बाईनं उपास करू नयेत. संध्याकाळी दिवा लाव, हात जोड आणि पोटभर जेव. रेणुकामाईला तेवढं पुरतं.

माहूरच्या गाभाऱ्यात अख्खी मूर्ती नाही, नुसता मुखाचा तांदळा आहे. दर्शन घेऊन कुटलेल्या विड्याचा प्रसाद तोंडात टाकताना कधी मनात आलंय का तुझ्या, की बापाच्या शब्दाखातर पोटच्या लेकानं जिचं मस्तक उडवलं, तिलाच आपण आई म्हणून पुजतो? आईच्या वाट्याला अन्याय येतो, भीती येते, रागही येतो, हे आपल्या श्रद्धेला केव्हापासून ठाऊक आहे. मग तुझ्याच वहीत नुसती अंगाईगीतं कशाला?

तू विचारलंस, आपल्याकडं लेकुरवाळ्या बाईनं कुणी लिहिलंय का. लिहिलंय की! आपल्या मराठवाड्यातल्याच संत बहिणाबाई. जळगावच्या चौधरी नव्हेत, त्यांच्या अडीचशे वर्षं आधीच्या. जन्म १६२८ चा, वेरूळजवळच्या देवगावातला. खेळायच्या वयात लग्न झालं, तेही तिशीतल्या बिजवराशी. पोटापाण्यासाठी फिरत फिरत हे कुटुंब कोल्हापूरला गेलं. तिथं तिला तुकोबांचा ध्यास लागला आणि स्वप्नात त्यांचा उपदेश झाला. ब्राह्मणाच्या बायकोनं शूद्राला गुरू मानावं हे नवऱ्याला सहन झालं नाही. त्यानं तिला मारलं. ती गरोदर असताना घर सोडून जायची भाषा केली. पुढं तो दुखण्यात पडला, निवळला, आणि दोघं देहूला गेली. तिला मुलगी झाली, मुलगा झाला, आणि अभंगही होत राहिले.

हे सगळं आपल्याला कळलं कसं, तर तिनं स्वतःच सांगून ठेवलं म्हणून. आत्मनिवेदनाच्या अभंगांत मार आहे, बाईच्या देहाला वेदाचं दार बंद असल्याची तळमळ आहे, जीव नकोसा झाल्याचंही आहे. ते लपवून तिनं गोड गोड भक्ती मांडली नाही, म्हणून तर तिची भक्ती मला खरी वाटते. वारकरी संप्रदायाला इमारतीची उपमा देणारा तो प्रसिद्ध अभंग तिच्याच नावावर आहे. कीर्तनात तो सगळ्यांना पाठ, पण त्यामागची दोन लेकरांची आई किती जणांना माहीत असते? याचं मला फार वाईट वाटतं. १७०० मध्ये वैजापूर तालुक्यातल्या शिऊरला तिनं देह ठेवला, तेव्हाही ती लेकाला आपल्या मागच्या जन्मांची हकीकत सांगत होती.

आणि लांब कशाला जायचं? इथं नांदेडात डॉ. वृषाली किन्हाळकर प्रसूतितज्ज्ञ आहेत आणि कवयित्रीही.

आता कामाचं बोलू. लातुरात नळ यायच्या दिवशी लिहायचं मनातसुद्धा आणू नकोस, तो दिवस बादल्या-पिंपांचाच. पण बाळाला पायावर घेतेस, टाळूवर तेल जिरवतेस, पाणी घालतेस, ओव्याची धुरी देतेस आणि दुपट्यात गुंडाळून निजवतेस, त्यानंतरचा तो वेळ तुझा आहे. तेव्हा भांडी राहू देत. हात भरलेले असताना ओळ सुचली तर फोनमध्ये बोलून ठेव. नंतर आठवेल, अशा भरवशावर राहू नकोस. बाळंतिणीची झोप मोडकी, त्यात ओळी हरवतात. आणि झोप अनावर झाली तर सरळ झोप. लिहिण्यासाठी जागरणं करायचे दिवस हे नव्हेत.

कच्चं लिहिलेलं घरात सगळ्यांना वाचून दाखवू नकोस. सासूबाई प्रेमळ आहेत, पण ‘यात माझ्याबद्दल काय आहे?’ हा प्रश्न प्रेमळ माणसालाही पडतोच. मनातलं आधी कागदावर येऊ दे, कुणाला दाखवायचं ते मागाहून बघू. रडू अनावर होत असेल, काही दिवस सगळंच नकोसं वाटत असेल, तर मात्र वहीवर भागवू नकोस. डॉक्टरांना सांग, मला सांग.

या रविवारपर्यंत चार ओळी लिही आणि पाठव. यमक जुळलं नाही तरी चालेल, शुद्धलेखन मी बघते. फक्त खरं लिही.