यात्रेकरूंचा निवारा आणि त्याचे धनी

तीर्थक्षेत्री उतरलेला यात्रेकरू दर्शनाच्या रांगेची चौकशी नंतर करतो. पाठीवरचे ओझे कोठे टेकावे, हा त्याचा पहिला प्रश्न असतो. संस्थानच्या कार्यालयाच्या खिडकीशी हा प्रश्न रोज विचारला जातो आणि पुष्कळदा त्याच्या पाठोपाठ दुसराही येतो : "ही धर्मशाळा कोणाची?" पहिल्याचे उत्तर खोली क्रमांक सांगून देता येते. दुसऱ्याचे उत्तर इतके सोपे नाही. बांधणारा एक, जागा देणारा दुसरा, किल्ल्या सांभाळणारा तिसरा आणि रात्रीपुरता राहणारा चौथा. यांपैकी धनी कोणास म्हणावे, हा आपल्या प्रांतात फार जुना प्रश्न आहे. भाविकांच्या माहितीसाठी त्याचा थोडा मागोवा येथे घेतला आहे.

नाशिकच्या पांडवलेण्यांतील दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपान याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचे शिलालेख आहेत. हे लेख सुमारे १९०० वर्षांपूर्वीचे मानले जातात. भडोच, दशपूर म्हणजे आजचे मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा या चार ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी चौसोपी विश्रांतिगृहे बांधली, असे त्यात नोंदलेले आहे. तापी, दमण, डहाणूची नदी अशा सहा नद्यांवर त्याने विनामूल्य नावा ठेवल्या आणि दोन्ही तीरांवर बसण्याच्या जागा व पाणपोया उभारल्या. नदीला पूर असता उतारू अडकून पडतो, त्याला सावली आणि पाणी हवे, हे त्याने जाणले होते. याच लेण्यातील दुसरी नोंद आम्हां कार्यालयीन माणसांच्या अधिक जिव्हाळ्याची आहे. लेण्यात राहणाऱ्या भिक्षूंसाठी त्याने गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे ३,००० कार्षापण ठेवले. पैकी २,००० दरमहा शेकडा एक या दराने आणि १,००० दरमहा शेकडा पाऊण या दराने. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे. आज संस्थाने ज्याला कायम ठेव म्हणतात, ती हीच. नुसती इमारत बांधून निवारा टिकत नाही, त्यामागे दरसालचे उत्पन्न लावून द्यावे लागते, ही समज तेव्हापासूनची आहे.

पुढच्या शतकांत यात्रेकरूंचा मुक्काम बहुधा देवळातच असे. तेराव्या शतकातील लीळाचरित्र वाचणाऱ्यास हे सहज दिसते. चक्रधरस्वामी गावोगाव फिरतात आणि कोणत्या गावी कोणत्या देवळात मुक्काम झाला, हे म्हाइंभटांनी कटाक्षाने नोंदविले आहे. आजही जुन्या देवळांच्या प्राकाराला लागून ज्या ओवऱ्या दिसतात, त्या शोभेसाठी बांधलेल्या नाहीत. पुढे पडवी, मागे भिंत आणि भिंतीत दिव्याचा कोनाडा एवढाच त्यांचा थाट; परंतु पावसाळी रात्री चार कुटुंबे अंग टेकू शकतील अशी ती सोय होती. तिला भाडे नव्हते आणि धनीही नव्हता. देवाच्या घरात देवाचाच पाहुणा, असा तो हिशेब होता.

गोमंतकात या सोयीने निराळे रूप घेतले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज अमलात देवळे पाडली जाऊ लागली, तेव्हा अनेक कुलदेवता नदीपलीकडे फोंडा महालात हलविल्या गेल्या. श्री मंगेश हा १५६० साली कुशस्थळीहून आणला गेला. देव दूर गेला, म्हणून कुळावी मंडळींना वस्ती करून दर्शन घेणे भाग पडले. मंगेशी, म्हार्दोळ, कवळे, नागेशी येथील देवळांभोवतीच्या अग्रशाळा या गरजेतून वाढल्या. तेथे राहणारा हा यात्रेकरू असला तरी उपरा नसतो. त्या देवस्थानाशी त्याचे कुळाचे नाते असते. देवस्थानचा कारभार पाहणारे महाजन हेही त्याच कुळांपैकी. निवाऱ्याचा धनी आणि पाहुणा एकाच नात्याने देवाशी बांधलेले, असे हे विरळ उदाहरण आहे.

देशावरची धर्मशाळा आपण ज्या रूपात ओळखतो, ते रूप प्रामुख्याने अठराव्या शतकात स्थिरावले. पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर (१७२५ ते १७९५) यांचे नाव येथे घेतल्याविना पुढे जाता येत नाही. त्यांनी होळकरांच्या खासगी उत्पन्नातून भारतभर घाट, विहिरी, अन्नछत्रे व धर्मशाळा उभारल्या. त्यांच्या दानाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही.

त्याच सुमारास क्षेत्रांच्या ठिकाणी निवाऱ्याचा दुसरा एक धनी होता, तो म्हणजे क्षेत्रोपाध्याय. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथे येणारा यात्रेकरू आपल्या घराण्याच्या उपाध्यायाकडेच उतरे. त्याच्या वाड्यात माजघर, विहीर, चूल यांची सोय असे आणि नामावळीच्या वहीत पाहुण्याच्या पणजोबांपर्यंतची नावे निघत. या व्यवस्थेत आपुलकी होती, आणि दक्षिणेवरून होणाऱ्या कुरबुरीही होत्या. शिवाय ज्याच्या घराण्याला उपाध्यायाचे दार उघडेच नव्हते, त्याने कोठे जावे, या प्रश्नाला या व्यवस्थेजवळ उत्तर नव्हते.

ते उत्तर पंढरपुरात एका परीट कुळातील माणसाने दिले. संत गाडगेबाबा (१८७६ ते १९५६) वारीला जात, तेव्हा अस्पृश्य मानलेले वारकरी चंद्रभागेच्या वाळवंटात व उकिरड्याकडेला उघड्यावर पडलेले त्यांच्या दृष्टीस पडत. चोखोबांची समाधी महाद्वारासमोर, आणि चोखोबांच्या लेकरांना गावात छप्पर नाही! १९०६ साली बार्शी लाईट रेल्वे पंढरपुरास पोहोचल्यानंतर यात्रा अधिकच वाढली. वेगवेगळ्या जातींच्या धर्मशाळा उभ्या राहत होत्या, पण या वर्गासाठी कोणी पुढे येत नव्हते. गाडगेबाबांनी कीर्तने करून, वर्गणी गोळा करून १९२० च्या सुमारास चोखामेळा धर्मशाळा उभी केली. पुढे नाशिक व इतर क्षेत्री त्यांनी धर्मशाळा बांधल्या. मुंबईत परगावच्या रुग्णांच्या नातेवाइकांची आबाळ पाहून त्यांच्यासाठीही त्यांनी सोय केली. लाखो रुपयांच्या या इमारतींवर त्यांनी आपला किंवा आपल्या कुटुंबाचा हक्क ठेवला नाही. स्वतः त्यांतल्या खोलीत ते राहत नसत. पुढे १९४९ साली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. यात्रेकरूंच्या निवाऱ्याचा उपयोग मुलांच्या शिक्षणासाठी व्हावा, हा बदल बांधणाऱ्यानेच हयातीत केला. असे धैर्य दात्यांत क्वचित दिसते. बहुतेक दाते पाटीवरच्या नावाला जपतात. हे आम्ही पावत्या फाडताना पाहतोच.

१९४७ साली साने गुरुजींनी विठ्ठल मंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून १ मे पासून उपोषण केले, तेही पंढरपुरातील तनपुरे महाराजांच्या मठात. प्रश्न देवळाच्या दाराचा होता, तरी त्याला आधी मठाचे दार उघडे मिळावे लागले.

आता एका खेड्याकडे वळू. शिर्डी आज जगाच्या नकाशावर आहे. परंतु १९०८ पूर्वी तेथे परगावच्या माणसाला उतरण्यासाठी बांधलेली एकही जागा नव्हती. कोपरगाव स्टेशनावर उतरून, गोदावरी ओलांडून, टांग्याने किंवा बैलगाडीने यावे आणि ओळखीच्या घरी अथवा देवळात पथारी पसरावी, अशी स्थिती होती. हरी विनायक साठे या डेप्युटी कलेक्टरांनी १९०८ साली कडुनिंबाच्या झाडाजवळ वाडा बांधला. गुरुस्थान म्हणून आज जे पूजिले जाते, तेच हे झाड. साठेवाडा ही शिर्डीची पहिली धर्मशाळाच म्हणावी लागेल. १९१० साली गोविंद रघुनाथ दाभोलकर प्रथम शिर्डीस आले, ते याच वाड्यात उतरले. आल्या दिवशीच त्यांचा बाळासाहेब भाटे यांच्याशी गुरू आवश्यक की नाही यावर कडाक्याचा वाद झाला. साईबाबांनी नंतर त्या वादाकडे बोट दाखवून त्यांना 'हेमाडपंत' म्हटले आणि पुढे त्याच नावाने त्यांनी श्रीसाईसच्चरित लिहिले. एका ग्रंथकाराचे नाव धर्मशाळेच्या ओसरीवरच्या भांडणातून निघावे, ही गोष्ट आम्हांस फार गोड वाटते. यात्रेकरूंचे आपसांतले वाद तेव्हापासून आम्ही थोडे सहानुभूतीने ऐकतो.

दुसरा वाडा मुंबईचे सॉलिसिटर हरी सीताराम दीक्षित यांचा. डिसेंबर १९१० मध्ये पायाभरणी झाली आणि १९११ च्या रामनवमीला वापर सुरू झाला. दीक्षितांनी माडीवरची लहान खोली आपल्यापुरती ठेवली व बाकीचा वाडा येणाऱ्याजाणाऱ्यांस मोकळा केला. तेथे नित्य भावार्थरामायण व एकनाथी भागवत यांचे वाचन चाले. अमरावतीचे वकील व लोकमान्यांचे सहकारी दादासाहेब खापर्डे यांचा १९११-१२ मधील शिर्डीचा मुक्काम कित्येक महिन्यांचा होता. त्यांच्या रोजनिशीत वाड्यांतील वाचन, पाहुण्यांची येजा आणि मशिदीतील भेटी यांच्या नोंदी आढळतात. शिर्डीच्या त्या दिवसांचे चित्र डोळ्यांपुढे आणायचे असेल, तर ती रोजनिशी जरूर वाचावी.

तिसरा वाडा नागपूरचे धनिक गोपाळराव बुट्टी यांचा. दीक्षितवाड्यात झोपले असता त्यांना व माधवराव देशपांडे यांना एकाच रात्री, देऊळ असलेला वाडा बांधावा असे स्वप्न पडल्याचे श्रीसाईसच्चरितात सांगितले आहे. दगडी बांधकाम सुरू झाले. मध्ये मुरलीधराची मूर्ती बसवायची आणि बाकी जागा राहण्यासाठी ठेवायची, असा बेत होता. १५ ऑक्टोबर १९१८ रोजी, विजयादशमीस, बाबांचे महानिर्वाण झाले आणि मुरलीधरासाठी राखलेल्या जागी त्यांना समाधी देण्यात आली. आजचे समाधी मंदिर ते हेच. १९५४ साली तेथे बाळाजी वसंत तालीम यांनी घडविलेली संगमरवरी मूर्ती बसली. बुट्टींनी पैसा ओतला, पण त्या वाड्यात राहण्याचा बेत मात्र राहूनच गेला. १९२२ साली संस्थानची रीतसर घटना झाली, तेव्हा दीक्षितच मानद चिटणीस होते. साठेवाडा आज उभा नाही. गर्दी वाढत गेली तसतशी मंदिराभोवतीची जागा मोकळी करावी लागली. दीक्षितवाड्याची वास्तू राहिली, तिचा उपयोग बदलला. तीन वाडे, तीन धनी; आणि दहा वर्षांच्या आत एका खेड्याचे क्षेत्र झाले.

कायद्याने 'धनी' कोणास म्हटले, हेही पाहण्यासारखे आहे. १८६७ च्या सराई कायद्याने सराईची नोंद जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे करणे व जागा स्वच्छ ठेवणे बंधनकारक केले. त्यात सराईचा 'रखवालदार' या शब्दात मालकाबरोबरच प्रत्यक्ष देखरेख करणाराही धरला होता. म्हणजे किल्ल्या ज्याच्या हाती, जबाबदारी त्याच्यावर. पुढे १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाने आणखी एक पाऊल टाकले. विश्वस्तांना धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय न्यासाची इमारत विकता येत नाही, की तीन वर्षांहून अधिक मुदतीने भाड्याने देता येत नाही. धर्मशाळेत तीन दिवसांपेक्षा अधिक राहता येणार नाही, ही पाटी वाचून काही भाविक नाराज होतात. परंतु 'थोडे दिवस' म्हणून राहिलेला मनुष्य पुढे भाडेकरूचा हक्क सांगू लागला व प्रकरण न्यायालयात वर्षानुवर्षे चालले, असे अनुभव कित्येक न्यासांच्या दप्तरी आहेत. एकाच्या मुक्कामापायी शेकडो जणांचा निवारा जातो. ती पाटी त्या शेकडोंसाठी आहे.

हे सर्व आज लिहिण्यास एक कारण घडले आहे. आमच्या संस्थानची जुनी धर्मशाळा पाडून तेथे स्वतंत्र न्हाणीघर असलेल्या खोल्यांचे भक्तनिवास बांधावे, असा प्रस्ताव विश्वस्त मंडळापुढे आहे. प्रस्ताव वाईट नाही. वृद्धांना, लहान मुले बरोबर असणाऱ्या भगिनींना बंद दाराची व जवळच्या न्हाणीघराची गरज असते आणि भाड्यातून देखभालीचा खर्च निघतो. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानने स्वच्छता व शिस्त यांचा जो आदर्श घालून दिला, तो पाहिल्यावर जुन्या धर्मशाळेतील गळक्या नळांचे समर्थन कोणी करू नये. मात्र पायी येणाऱ्या दिंडीतला मनुष्य खोली मागत नाही. त्याला पथारीपुरती जागा, पाणी आणि पावसात डोक्यावर छप्पर एवढेच हवे असते, आणि त्याच्या कमरेच्या पिशवीत खोलीचे भाडे नसते. आराखड्यात तळमजल्यावर विनामूल्य सभागृह राखावे आणि त्याच्या झाडलोटीसाठी वेगळी कायम ठेव काढावी, अशी टिपणी या कार्यालयाने मंडळाकडे सादर केली आहे. निर्णय अद्याप व्हावयाचा आहे.

भाविकांनी आपले मत अवश्य कळवावे. कार्यालयाच्या खिडकीशी दोरीने बांधलेली वही आहे. तीत नाव, गाव आणि आपण पायी आलात की वाहनाने, एवढे लिहून खाली अभिप्राय नोंदवावा. लिहिता न येणाऱ्यांनी सकाळी नऊ ते बारा या वेळेत सांगितल्यास कारकून लिहून घेतील.