‘शुद्ध’ या शब्दाचे दोन इतिहास

‘शुद्ध’ हा शब्द ऐकला की आम्हा इतिहासाच्या शिक्षकांना महाड आठवते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी आपल्या अनुयायांसह चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. पुढे सनातन्यांनी शेण, गोमूत्र, दूध व दही घातलेल्या १०८ घागरी ओतून तळे ‘शुद्ध’ केले. पाण्याची तपासणी कोणीही केली नाही. कारण प्रश्न पाण्याचा नव्हता, माणसाला हीन ठरविण्याचा होता.

विज्ञानही हाच शब्द वापरते. परंतु तेथे शुद्धता मोजून दाखवावी लागते. विषाणूच्या ज्या घटकाला आपले शरीर परके म्हणून ओळखते, त्यास प्रतिजन म्हणतात; तो बहुधा प्रथिन असतो. त्या प्रथिनाचे जनुक जिवाणू, यीस्ट अथवा प्राण्यांच्या पेशींत घालून संशोधक ते तयार करवून घेतात व क्रोमॅटोग्राफीच्या स्तंभातून वेगळे काढतात. नंतर जेलमध्ये वीजप्रवाह सोडून पाहतात. अपेक्षित जागी एकच पट्टी उमटली, तर नमुना शुद्ध मानण्यास आधार मिळतो. असे एकटे प्रथिन स्वतःची वाढ करू शकत नाही. म्हणून त्यापासून संसर्ग होत नाही.

एवढा खटाटोप कशासाठी? प्रतिजनात परके प्रथिन राहून गेले, तर रक्तातील भलतेच प्रतिपिंड त्यास चिकटतात, चाचणीत रंग उमटतो आणि बाधा न झालेला माणूस बाधित ठरतो.

२०२० साली पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने ‘कोविड कवच’ ही एलायझा चाचणी विकसित केली. तीत एकटे प्रथिन नव्हे, तर निष्क्रिय केलेल्या विषाणूचे प्रतिजन होते. त्याच वर्षी मे-जूनमधील देशव्यापी सर्वेक्षणात बीड, परभणी, नांदेड, सांगली, अहमदनगर आणि जळगाव हे आपल्या राज्यातील सहा जिल्हे होते.

त्याच दिवसांत पुण्याहून परतलेल्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याला गावच्या हातपंपावर पाणी भरू दिले गेले नाही. त्याला ताप नव्हता. त्याची तपासणीही कोणी केली नव्हती. हे ऐकले तेव्हा आम्हाला पुन्हा महाडच आठवले.

म्हणून पालकांना आमचे सांगणे आहे : मुलामुलींना विज्ञान शिकवा, पण केवळ नोकरीसाठी नव्हे. कोणी कोणाला अशुद्ध म्हटले, तर ‘हे कशावरून?’ असे निर्भयपणे विचारता यावे, यासाठी शिकवा.