पीचचा कॉब्लर, किंवा वरच्या आंचेचा धडा

भाजलेलें पक्वान्न म्हटलें कीं तें बेकरींतून आणावयाचें, घरीं करावयाचें नव्हे, अशी समजूत आपल्या उपनगरांतील पुष्कळ घरांत दृढ झालेली आहे. या समजुतीच्या मुळाशीं थोडा इतिहासहि आहे. अंधेरी, बोरिवली, मुलुंड व घाटकोपर हीं सर्व ठिकाणें ज्या साष्टी बेटांत मोडतात, तें बेट १५३४ च्या तहानें पोर्तुगीजांकडे गेलें व १७३७ मध्यें मराठ्यांनीं तें जिंकून घेतलें. ‘पाव’ हा शब्द आपणांस पोर्तुगीज भाषेंतूनच मिळाला. पाव घरोघर पोंचला. त्याची भट्टी मात्र बेकरींतच राहिली. गृहिणीच्या चुलीस खालून आंच असते, वरून नसते. म्हणून शिजवणें, वाफवणें व तळणें हें घरचें काम आणि भाजून फुगवणें हें भट्टीचें काम, अशी वांटणी होऊन बसली. ही वांटणी खरोखर अटळ आहे काय, याचा विचार एका साध्या पक्वान्नाच्या साहाय्यानें करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

त्या पक्वान्नाचें नांव कॉब्लर. खालीं गोड फळें व वर मैद्याचा खुसखुशीत थर, एवढेंच त्याचें स्वरूप. हें अमेरिकेंतील आहे. एकोणिसाव्या शतकांत तेथें नवीन वस्ती करीत पश्चिमेकडे सरकणाऱ्या कुटुंबांजवळ भट्टी नसे. असे तें फक्त बिडाचें जाड, तीन पायांचें पातेलें. त्याच्या झांकणास उभा कांठ असे. पातेल्यांत फळें घालावीं, त्यांवर पिठाचे गोळे टाकावे, भांडें निखाऱ्यांवर ठेवावें आणि झांकणावरहि निखारे पसरावे, अशी त्यांची रीत होती. झांकणाच्या कांठामुळें वरचे निखारे खालीं घसरत नसत. तात्पर्य, हें पक्वान्न भट्टी असलेल्या घरांत जन्मलेंच नाहीं.

आतां फळाविषयीं दोन शब्द. पीच हें फळ मूळचें चीन देशाचें. युरोपांत तें इराणच्या वाटेनें गेलें, म्हणून शास्त्रज्ञांनीं त्यास प्रूनस पर्सिका असें नांव दिलें. मराठींतील ‘सप्ताळू’ हें जुनें नांवहि फारशीच आहे. सातव्या शतकांत भारतांत आलेला चिनी यात्रेकरू ह्युएनत्संग याबद्दल एक मनोरंजक हकीकत देतो. कनिष्काच्या काळीं चीनकडील राजपुत्र ओलीस म्हणून पंजाबांत ज्या प्रदेशीं राहिले, त्यास चीनभुक्ति म्हणत. पीच व नासपती हीं झाडें त्यांनींच तेथें प्रथम लावलीं. म्हणून पीचला ‘चीनानी’ व नासपतीला ‘चीनराजपुत्र’ अशीं नांवें पडलीं, असें तो लिहितो. आजहि हिमाचल प्रदेश, उत्तराखंड व पंजाब येथें पीच पिकतो, आणि उन्हाळ्याच्या शेवटीं तो मुंबईच्या बाजारांत येतो. एवढ्या प्रवासांत कांहीं फळें दबतात. दबलेलें फळ ताटांत शोभत नाहीं. परंतु डाग काढून टाकल्यास कॉब्लरला तें उत्तम चालतें. जें फळ कुजलेलें वा बुरशी आलेलें असेल, तें मात्र टाकूनच द्यावें.

पाककृतीकडे वळण्यापूर्वीं एक शास्त्रीय तत्त्व ध्यानांत घेतलें पाहिजे. उघड्या भांड्यांतील पाणी सुमारें १०० अंश सेंटिग्रेडवर उकळतें. त्यापुढें कितीहि आंच लावली तरी पाण्याची वाफ होते, उष्णता वाढत नाहीं. फळांचा रस म्हणजे बहुतांशीं पाणीच. म्हणून खालच्या आंचेवर फळें शिजतील, पण वरच्या पिठास सोनेरी रंग व खरपूस वास येणार नाहीं. कारण तो रंग येण्यास सुमारें १४० अंशांहून अधिक, तीहि कोरडी उष्णता लागते. ती वरूनच मिळाली पाहिजे. हें तत्त्व आपल्या आज्या-पणज्यांस अनुभवानें ठाऊक होतें. मुंबईच्या पाठारे प्रभू कुटुंबांतील भानोलें आणि कोंकणांतील काकडीचें धोंडस हीं दोन्ही खालीं व वर निखारे ठेवूनच भाजण्याची जुनी पद्धत आहे. याच पाठारे प्रभू समाजांतील लक्ष्मीबाई धुरंधर यांचें ‘गृहिणी-मित्र’ हें हजार पाकक्रियांचें पुस्तक १९१० सालीं प्रसिद्ध झालें. तेव्हां वरची आंच ही परक्यांची विद्या नव्हे. ती आपल्याच घरीं विसरली गेली आहे.

आतां कृति. सहा माणसांस एक किलो पीच पुरेत. पिकलेलीं पण घट्ट फळें अर्धा मिनिट उकळत्या पाण्यांत धरून लगेच थंड पाण्यांत टाकावीं, म्हणजे साल सहज निघते. बी काढून फळाच्या बोटभर जाड फोडी कराव्या. बी फोडून आंतील गर मुलांनीं कदापि खाऊं नये. त्यापासून पोटांत विषारी सायनाइड तयार होतें. फोडींस १०० ग्रॅम साखर, एका लिंबाचा रस, चिमूटभर मीठ, किंचित जायफळ आणि दीड मोठा चमचा कॉर्नफ्लोर, म्हणजे मक्याचें सत्त्व, चोळावें. हें सत्त्व रसांतील पाणी शोषून फुगतें व रस दाट होतो. मात्र त्यासाठीं रसास चांगली उकळी यावी लागते. म्हणून फळें मंद आंचेवर पांच-सात मिनिटें ढवळून, उकळी फुटल्यावर, गरम गरमच भाजण्याच्या भांड्यांत ओतावीं.

वरच्या थरासाठीं २०० ग्रॅम मैदा, दोन मोठे चमचे साखर, चहाचे दोन चमचे बेकिंग पावडर व पाव चमचा मीठ एकत्र चाळावें. त्यांत ८० ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनीं चुरावें. मिश्रण जाड रव्यासारखें दिसलें पाहिजे. लोणी थंड कां? मैद्यांत पाणी पडून तो मळला गेला कीं ग्लूटेन नांवाचें चिवट द्रव्य बनतें. पोळीस तें हवें असतें, येथें नको. लोण्याचे कण पिठाभोंवतीं राहून त्यास अडवितात. वितळलेलें लोणी हें काम नीट करीत नाहीं. नंतर सुमारें १२० मिलिलिटर थंड दूध घालून चमच्यानें जेमतेम एकत्र करावें, मळूं नये. बेकिंग पावडरमध्यें सोडा व कोरडें आम्ल हीं दोन्ही असतात. त्यांस ओल मिळतांच कर्बवायु सुटूं लागतो व तोच पीठ फुगवितो. म्हणून पीठ कालवून ठेवूं नये. घरीं नुसता खाण्याचा सोडा असल्यास तो अर्धा चमचा घ्यावा व दुधाऐवजीं तितकेंच आंबट ताक घालावें. आम्लावांचून सोड्याची उग्र चव मागें राहते.

हें पीठ गरम फळांवर चमच्या-चमच्यानें टाकावें व गोळ्यांत थोडीं अंतरें ठेवावीं. कॉब्लर बिघडतो तो बहुधा येथेंच. थंड फळांवर पीठ टाकलें तर वरचा भाग भाजून निघतो आणि खालचा कच्चा, लगद्यासारखा राहतो. फळें आधींच उकळतीं असलीं म्हणजे पिठास खालून वाफ व वरून कोरडी आंच एकाच वेळीं मिळते, आणि गोळ्यांमधील मोकळ्या जागेंतून जादा वाफ निघून जाते.

भाजण्याची सोय घराघरांत निराळी असते. ओव्हन असल्यास तो आधीं १९० अंशांवर तापवावा व सुमारें ४० मिनिटें भाजावें. गांवठाणांतील घरांत अंगण असेल तर जाड बुडाच्या पातेल्यांत जुन्या रीतीनें करतां येईल. निखाऱ्यांचा एक भाग खालीं व दोन भाग झांकणावर ठेवावे. परंतु हें काम उघड्यावरच करावें. बंद खोलींत वा इमारतींतील घराच्या स्वयंपाकघरांत कोळसे पेटविल्यास कार्बन मोनॉक्साइड नांवाचा वायु सांचतो. त्यास रंग नाहीं, वास नाहीं, आणि तो प्राणघातक आहे. हा इशारा आम्ही पालकांस विशेष आग्रहानें देत आहों. ज्यांच्याजवळ केवळ गॅसची शेगडी आहे, त्यांनींहि निराश होऊं नये. त्यांनीं दूध थोडें कमी घालून पीठ घट्ट ठेवावें, त्याच्या अर्धा बोट जाडीच्या चकत्या थापून तव्यावर मंद आंचेनें दोन्ही बाजूंनीं भाजाव्या आणि दाट शिजलेल्या फळांवर ठेवून वाढाव्या. हा अस्सल कॉब्लर नव्हे. परंतु तत्त्व तेंच आहे, कारण वरची आंच नसल्यास चकती उलटून तीच खालच्या आंचेवर धरावयाची.

झाला हें ओळखावें कसें? केवळ रंगावर जाऊं नये. भांड्याच्या मध्यभागीं रसास दाट बुडबुडे येत असावे आणि मधला गोळा उचकटून पाहिल्यास आंत ओला पिठूळपणा नसावा. नंतर अर्धा तास निवूं द्यावा; रस निवतां निवतां आणखी दाट होतो.

पीच महाग वाटल्यास घट्ट पिकलेला आंबा घ्यावा. साखर निम्मी करावी व लिंबू थोडें अधिक पिळावें. फळ बदललें तरी रीत बदलत नाहीं. जो विद्यार्थी केवळ मापें पाठ करील, त्यास एकच पक्वान्न येईल. पण पाणी कोठपर्यंत तापतें, सोड्यास आम्ल कां लागतें व पीठ कशानें चिवट होतें, हें ज्यास समजलें, तो पाहिजे त्या फळाचा आणि पाहिजे त्या चुलीवर कॉब्लर करूं शकेल. असो. येत्या मे महिन्याच्या सुटींत मुलांनीं व मुलींनीं, दोघांनींहि, वडील माणसांच्या देखरेखीखालीं हा प्रयोग करून पाहावा, आणि प्रत्येक पायरीपुढें तिचें कारण वहींत लिहून ठेवावें. आईस त्या दिवशीं ओट्यापाशीं उभें राहूं न देतां पहिली वाटी तिच्याच हातीं द्यावी.