घर घेण्याआधी एक उन्हाळा, एक पावसाळा



बुलढाणा जिल्ह्यात घर शोधताना पहिला प्रश्न घाटाचा येतो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे दोन भाग केले आहेत. बुलढाणा, चिखली, मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा हा भाग घाटावरचा. मलकापूर, मोताळा, नांदुरा, खामगाव, शेगाव, जळगाव जामोद, संग्रामपूर हा घाटाखालचा. मुंबई–हावडा रेल्वेमार्ग घाटाखालून मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जातो आणि जलंबहून खामगावला फाटा फुटतो. जिल्ह्याचे मुख्यालय असलेल्या बुलढाण्यात मात्र रेल्वे नाही. नवऱ्याची नोकरी बुलढाण्यात आणि बायकोची नांदुऱ्यात असली, तर दोघांपैकी एकाच्या वाट्याला रोजचा राजूर घाट येतो. अशा वेळी घर कोणाच्या नोकरीजवळ असावे, हे पगारावरून ठरवू नये. मूल शाळेत तापाने फणफणले, तर त्याला आणायला कोण जाणार, हे पाहून ठरवावे.

दुसरी गोष्ट हंगामाची. विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात आणि नोकरदारांच्या बदल्याही साधारण उन्हाळ्यातच होतात. त्यामुळे मे-जूनमध्ये भाड्याच्या खोल्यांना सर्वांत जास्त मागणी असते. त्या दिवसांत घरमालक अटी सैल करत नाही आणि घाईतल्या कुटुंबाला निवड उरत नाही. दिवाळीनंतरच विचारपूस सुरू करणारे कुटुंब शांतपणे चार घरे पाहू शकते. किराणा दुकानदार, शाळेचा शिपाई, गिरणीवाला यांना वस्तीतल्या रिकाम्या खोल्या कोणत्याही फलकाआधी कळलेल्या असतात.

घर पाहायला गेल्यावर भिंतींच्या रंगाआधी पाण्याची चौकशी करावी. नळ किती दिवसांआड येतो, किती वेळ चालतो, दाबाने येतो की मोटार लावावी लागते, जमिनीतला हौद केवढा आहे, बोअर मे महिन्यात आटते का, टँकरचे पैसे भाडेकरू देतो की मालक, हे प्रश्न मालकाला विचारावेत आणि तेच शेजारच्या बाईलाही विचारावेत. मालकाचे उत्तर पावसाळ्यातले असते, शेजारणीचे बारमाही असते. तान्हे मूल असलेल्या घरात दुपट्यांचे धुणेच रोजच्या पाण्याचा मोठा भाग खाते. चार दिवसांचे पाणी साठवण्याची सोय नसेल, तर कमी भाड्याचे घरही महाग पडते.

पूर्णा नदीच्या खोऱ्यात आणखी एक अडचण आहे. शेगाव, नांदुरा, जळगाव जामोद आणि संग्रामपूर तालुक्यांचा काही भाग खारपाणपट्ट्यात, म्हणजे जमिनीखालचे पाणी खारट असलेल्या पट्ट्यात येतो. तेथे बोअरचे भरपूर पाणी पाहून भुलू नये. त्या पाण्यात साबणाचा फेस होतो का, ते उकळल्यावर पातेल्याच्या तळाला पांढरा थर बसतो का, हे घरच्या घरी पाहता येते. मात्र ते पिण्यायोग्य आहे की नाही, हे प्रयोगशाळेतील तपासणीवरूनच ठरते. पिण्याचे पाणी नळयोजनेचे आहे की विकतचे, याची वेगळी चौकशी करावी आणि विकतचे असेल तर त्याचा महिन्याचा खर्च भाड्यात मिळवूनच घरांची तुलना करावी.

पाण्यानंतर माती. जिल्ह्याच्या मोठ्या भागात कपाशीची काळी माती आहे. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते आणि तिला भेगा पडतात. पाया पुरेसा खोल नसेल किंवा मुरुमापर्यंत गेलेला नसेल, तर ही हालचाल थेट भिंतीत उतरते. दाराच्या किंवा खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी निघालेली फट, चौकटीत अडकणारे दार, ओट्यापासून सुटलेली भिंत ही तिची चिन्हे आहेत. ताजा रंग अशा फटी काही महिने झाकू शकतो. म्हणून घर नुकतेच रंगवलेले असेल तर मागच्या भिंती, जिन्याखालची जागा आणि गच्ची पाहावी. नाल्याकाठच्या प्लॉटबद्दल जुन्या रहिवाशांना पुराची खूण दाखवायला सांगावी. 22 जुलै 2023 च्या अतिवृष्टीत संग्रामपूर आणि जळगाव जामोद तालुक्यांत नदी-नाल्यांचे पाणी वस्त्यांत शिरले होते. उन्हाळ्यात कोरडा दिसणारा नाला वाट विसरत नाही.

भाड्याचे घर पसंत पडले की करार लेखी करून नोंदवावा. करार अकरा महिन्यांचा असला की नोंदणी लागत नाही, हा समज महाराष्ट्रात चुकीचा आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, 1999 च्या कलम 55 नुसार भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असावा लागतो, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची असते. नोंदणी नसताना वाद उभा राहिला, तर उलट सिद्ध होईपर्यंत भाडेकरूने सांगितलेल्या अटी ग्राह्य धरल्या जातात. करारात अनामत रक्कम, ती परत करण्याची मुदत, वीज मीटर स्वतंत्र की सबमीटर, पाण्याचा खर्च आणि दुरुस्ती कोणी करायची, हे स्पष्ट लिहून घ्यावे. घर ताब्यात घेताना मीटरचा आकडा आणि भिंतींचे फोटो घेऊन ठेवावेत.

घर शोधताना आडनाव, जात, धर्म आणि खाणेपिणे विचारले जाते, हे कटू सत्य आहे. खोली रिकामी असूनही आडनाव ऐकल्यावर ‘कालच दिली’ असे उत्तर मिळालेली कुटुंबे गावोगाव आहेत. हा त्या कुटुंबाचा दोष नाही, हा अन्याय आहे. खोटे सांगून मिळवलेल्या घरात मूल सुखाने वाढत नाही. त्यामुळे खरे तेच सांगावे आणि माणूस म्हणून स्वीकारणारा मालक शोधावा. पुढे स्वतःचे घर झाले आणि त्यातली खोली भाड्याने द्यायची वेळ आली, तर आडनाव-जातीचा हा प्रश्न आपल्या तोंडून निघू नये.

विकत घेण्याचा विचार आला की कागदांचे महत्त्व सर्वांत वाढते. शहराबाहेर शेताचे एक-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून प्लॉट म्हणून विकले जातात. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. जमीन अकृषिक आहे का, रेखांकन मंजूर आहे का, हे पाहिल्याशिवाय इसार देऊ नये. तुकडेबंदीचे नियम वेळोवेळी बदलतात, म्हणून चालू नियम तहसील कार्यालयातच विचारावा. स्टँपपेपरवर नोटरी केल्याने मालकी मिळत नाही. ती दुय्यम निबंधकाकडे नोंदवलेल्या खरेदीखतानेच मिळते. सातबारा किंवा मिळकत पत्रिका आणि फेरफार पाहावेत, आणि वकिलाकडून तीस वर्षांचा शोध अहवाल घ्यावा. जागा नझूलची (सरकारी) किंवा भोगवटादार वर्ग 2 ची (हस्तांतरणावर निर्बंध असलेली) असेल, तर हस्तांतरणाच्या अटी आधी तपासाव्यात. गावठाणातील घराचा केवळ ग्रामपंचायतीचा नमुना 8 हा मालकीचा पुरेसा पुरावा नसतो. सदनिका असेल, तर प्रकल्पाचा महारेरा क्रमांक पाहावा. करार नोंदवण्यापूर्वी बिल्डरला किमतीच्या 10 टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही.

पैशाचा हिशोब हप्त्यावर थांबत नाही. तीस लाखांपर्यंतच्या गृहकर्जात बँक घराच्या किमतीच्या 90 टक्क्यांपर्यंत रक्कम देऊ शकते. 20 लाखांच्या घरासाठी 18 लाखांचे कर्ज 9 टक्के व्याजाने 20 वर्षांसाठी घेतले, तर मासिक हप्ता सुमारे 16,200 रुपये येतो आणि एकूण परतफेड 39 लाखांच्या जवळ जाते. उरलेले 2 लाख, मुद्रांक शुल्क, नोंदणी फी, वकील आणि किरकोळ दुरुस्ती हे सारे स्वतःच्या खिशातून भरावे लागते. घर पत्नीच्या नावे घेतले, तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात 1 टक्का सवलत मिळते आणि तिची मालकीही पक्की होते. सगळी बचत घरात ओतू नये; सहा महिन्यांचा घरखर्च आणि आजारपणाची रक्कम बाजूला राहायला हवी.

विक्रेते भविष्यही विकतात. समृद्धी महामार्ग मेहकर, लोणार, सिंदखेड राजा, देऊळगाव राजा तालुक्यांतून जातो, आणि खामगाव–जालना रेल्वेची मागणी कित्येक दशकांची आहे. या दोन्हींच्या नावावर माळरानातले प्लॉट खपवले जातात. रस्ता, नळ, वीज आणि शाळा आज जिथे आहेत, तिथलेच घर लहान मुलाच्या उपयोगाचे असते.

म्हणून तरुण कुटुंबाने आवडलेल्या वस्तीत आधी किमान एक वर्ष भाड्याने राहावे. मे महिन्यात नळ कसा येतो आणि ऑगस्टमध्ये गल्लीत पाणी कुठवर चढते, हे त्या वर्षात कळते. तेवढे पाहून झाल्यावरच खरेदीखतावर सही करावी.