आवाजाने उजळणारा बुडबुडा



नववीच्या ध्वनीच्या पाठात श्राव्यातीत ध्वनी, म्हणजे २०,००० हर्ट्झच्या वरचा आवाज येतो. सोनार, सोनोग्राफी ही उदाहरणं आपण देतोच. त्यात आणखी एक घाला: या आवाजाने पाण्यातला बुडबुडा चक्क उजेड देतो. याला सोनोल्युमिनेसन्स म्हणतात. मराठीत ध्वनिदीप्ती म्हणू.

१९३४ मध्ये जर्मनीत कोलोन इथे फ्रेन्झेल आणि शुल्टेस फोटो लवकर डेव्हलप व्हावेत म्हणून द्रावणात श्राव्यातीत ध्वनी सोडत होते. फिल्मवर ठिपके उमटले. ते बुडबुड्यांच्या प्रकाशाचे होते. पुढे १९९० च्या सुमारास अमेरिकेत फेलिप गैतान यांनी एकच बुडबुडा पाण्यात स्थिर धरून चमकवला.

हे घडतं कसं? ध्वनिलहरीत दाब कमी-जास्त होतो. दाब कमी झाला की बुडबुडा फुगतो, वाढला की भोवतालचं पाणी सगळीकडून त्याच्यावर कोसळतं. मुलांना सांगा, आपल्या सात रस्ता चौकात सातही बाजूंची गर्दी एकाच क्षणी मध्यभागी घुसली तर काय होईल? तसंच. आतला वायू इतक्या झटकन दाबला जातो की उष्णता बाहेर पडायला वेळच मिळत नाही. तापमान हजारो अंशांवर जातं आणि सेकंदाच्या अब्जांशाहूनही कमी वेळ प्रकाश चमकतो. बुडबुडा अगदी बारीक, म्हणून पाणी मात्र उकळत नाही.

वर्गात करून बघा: सायकलच्या पंपाचं तोंड अंगठ्याने घट्ट दाबून भराभर आठ-दहा वेळा पंप मारा. मग खालचा भाग चाचपा, गरम लागेल. निव्वळ घर्षण असतं, तर सगळी नळी सारखीच तापली असती. हवा दाबली जाते खाली, म्हणून तिथे जास्त तापते. बुडबुड्यातही हेच, फक्त कितीतरी तीव्र.

शेवटी एक प्रश्न जरूर विचारा: "ही ऊर्जा आली कुठून?" उत्तर: आवाजातून. पसरलेली ऊर्जा एका ठिपक्यात गोळा झाली, नवी तयार झाली नाही. 'पाण्यातून फुकट वीज' असे मेसेज फिरतात, तेव्हा हाच प्रश्न मुलांच्या उपयोगी पडेल. २००२ मध्ये बुडबुड्यांतून अणुसंमीलन झाल्याचा दावा झाला होता. इतर प्रयोगशाळांना तो पडताळता आला नाही.

बुडबुडे कोसळण्याचा खरा उपयोग मात्र आपल्याकडेच बघायला मिळतो. मुंबईच्या आय.सी.टी.मध्ये प्रा. अनिरुद्ध पंडित यांनी याच क्रियेचा, म्हणजे कॅव्हिटेशनचा, पाणी शुद्ध करण्यासाठी अभ्यास केला आहे. मुलांना हे नाव आवर्जून सांगा.