विलो सालीचा अर्क आणि त्वचा : सौम्यतेचा नेमका अर्थ

गेल्या काही वर्षांत फेसवॉश, टोनर व क्रीम यांच्या वेष्टनांवर विलो सालीचा अर्क हा घटक वारंवार आढळतो. ‘नैसर्गिक सॅलिसिलिक आम्ल’ अशी त्याची जाहिरात केली जाते. तारुण्यपिटिकांचे रुग्ण त्याविषयी वैद्यांकडे व औषधविक्रेत्यांकडे विचारणा करतात. हे वर्णन कितपत यथार्थ आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

परिचय

विलो म्हणजे सॅलिक्स प्रजातीतील वृक्ष. १७६३ मध्ये इंग्लंडमधील धर्मोपदेशक एडवर्ड स्टोन यांनी विलो सालीच्या ज्वरघ्न उपयोगाचे आपले अनुभव रॉयल सोसायटीस कळविले. १८२८ मध्ये म्युनिक येथे योहान बुखनर यांनी सालीतून सॅलिसिन हे कडू द्रव्य वेगळे केले. १८३८ मध्ये राफाएले पिरिया यांनी त्यापासून सॅलिसिलिक आम्ल मिळविले.

आपल्याकडे नदी-ओढ्यांच्या काठी वाढणारा वाळुंज (सॅलिक्स टेट्रास्पर्मा) हा याच प्रजातीतील होय. वेतस या नावाने सॅलिक्समधील वृक्ष घेण्याचा प्रघात आहे; काही अभ्यासक मात्र त्याचा अर्थ वेत असा करतात. चरकसंहितेतील वेदनास्थापन गणात वंजुल येतो व वंजुल हा वेतसाचा पर्याय मानला जातो. पंचवल्कलात पारीषाच्या जागी वेतस घ्यावा, असे एक मत भावप्रकाशात नोंदलेले आहे.

त्वचेवरील कार्य

सॅलिसिन आणि सॅलिसिलिक आम्ल ही दोन भिन्न द्रव्ये आहेत. सॅलिसिन हे ग्लुकोजयुक्त व जलविद्राव्य असते. पोटात घेतल्यास आतड्यातील जिवाणू त्यातील ग्लुकोज विलग करतात आणि पुढे शरीरात त्याचे सॅलिसिलिक आम्ल बनते. त्वचेवर लावल्यास हे रूपांतर तितक्या प्रमाणात होते, असे गृहीत धरण्यास आधार नाही. सॅलिसिलिक आम्ल मात्र स्नेहविद्राव्य असल्याने रोमरंध्रातील मेदात शिरते व मृत पेशींचे थर सुटे करते.

प्रमाणाचा हिशेबही पाहावा. ५ टक्के सॅलिसिन असलेला अर्क क्रीममध्ये २ टक्के घातला, तर क्रीममध्ये सॅलिसिन केवळ ०.१ टक्का राहते. ते सर्वच्या सर्व रूपांतरित झाले असे मानले, तरी सॅलिसिलिक आम्ल ०.०५ टक्क्याहून कमीच भरते. तारुण्यपिटिकांवर मात्र ते ०.५ ते २ टक्के वापरले जाते. विलो अर्क सौम्य का, याचे उत्तर मुख्यतः येथे आहे. सालीतील टॅनिन व फ्लेव्होनॉइड घटकांमुळे कषाय, स्तंभक कार्य अपेक्षित आहे. त्यास सोलण्याच्या क्रियेची जोड देऊ नये.

व्यवहारातील उपयोग

तेलकट परंतु संवेदनशील त्वचा, क्षोभ सहन न होणारे रुग्ण यांच्यासाठी सहायक प्रसाधन म्हणून या अर्काचा विचार करता येईल. काळ्या-पांढऱ्या पुटकुळ्या दाट असतील, तर केवळ यावर विसंबून महिने दवडू नयेत. पूययुक्त व खोल पिटिकांत विलंब झाल्यास कायमचे व्रण राहतात, हे रुग्णास आरंभीच सांगावे.

खरेदी करताना पुरवठादाराकडून सॅलिक्सची जाती, द्रावक, सॅलिसिनचे टक्के व मुक्त सॅलिसिलिक आम्लाचे प्रमाण लेखी मागवावे. युरोपीय फार्माकोपियानुसार सुक्या सालीत एकूण सॅलिसिलिक संयुगे, सॅलिसिन म्हणून मोजता, किमान १.५ टक्के असावी लागतात. सॅलिक्स अल्बात हे प्रमाण पुष्कळदा कमी, तर सॅलिक्स पर्प्युरिया व सॅलिक्स डॅफ्नॉइडिस यांत अधिक असते. सौम्य म्हणविणारे उत्पादन त्वचा लक्षणीय सोलत असेल, तर त्यात आणखी काय मिसळले आहे, हे अवश्य तपासावे.

सावधगिरी

ॲस्पिरिनची असात्म्यता असलेल्या रुग्णांत हा अर्क टाळावा. ‘वनस्पतिजन्य’ या शब्दाने तो धोका नाहीसा होत नाही. म्हणून विक्रीच्या वेळी हा एक प्रश्न विचारण्याचा परिपाठ ठेवावा. फाटलेल्या वा स्रावयुक्त त्वचेवर तो लावू नये. प्रथम वापरापूर्वी कोपराच्या आतील बाजूस थोडे लावून दोन दिवस निरीक्षण करावे.

निष्कर्ष

विलो सालीचा अर्क हा सॅलिसिलिक आम्लाचा नैसर्गिक पर्याय नसून एक स्वतंत्र, मर्यादित गुणाचे कषाय द्रव्य आहे. त्याच मर्यादेत तो सुचविल्यास रुग्णाचा वेळ व द्रव्य वाचते, आणि वनौषधींवरील त्याचा विश्वासही टिकून राहतो.